मिस्किटांच्या घरातलं गंबीट

ज्युलियाचं लग्न ठरत आलं तेव्हा तिच्या आईच्या कानावर एक भलतीच गोष्ट आली. स्थळ तसं चांगलं होतं. मुलगा रोनाल्ड फोर्टातल्या कचेरीत टायपिस्ट, अंधेरीजवळच्या आंबोली गावात स्वतःचं कौलारू घर, परसात विहीर आणि दारात आंबा. पण बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणारी एक बाई ज्युलियाच्या आईला म्हणाली, "मिस्किटांकडे देतेस पोरीला? त्यांच्या घरात गंबीट हाय, ठाऊक हाय ना?"

आईनं हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता. दुखणं असेल का? फेफऱ्यासारखं काही? की घरात कुणाला लागीर होतं? गोराईला घरी येईपर्यंत होडीत ती हेच घोळवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या भावाला, अल्फान्सोला, खाडीपलीकडे पाठवलं. "नीट बघून ये. आणि पिऊन येऊ नकोस."

अल्फान्सोमामा संध्याकाळी परत आला तो पिऊनच.

"गंबीट म्हणजे दुखणं नाय गो," तो ओट्यावर बसत म्हणाला. "गंबीट म्हणजे म्हातारा. रोनाल्डचा बाप, ग्रेगरी. बुद्धिबळ खेळतो. खेळताना पयलाच आपलं एक प्यादं समोरच्याला फुकट देऊन टाकतो. त्याला गंबीट बोलतात."

"फुकट देतो? म्हणजे खुळा हाय?"

"खुळा कुठला! देतो आणि मग समोरच्याला असा धुतो, असा धुतो..." मामानं डोकं खाजवलं. "मला पण धुतला. दोनदा."

खुळा नसेल तर हरकत नाही, असं आईनं ठरवलं, आणि पंचावन्न साली ईस्टरआधीचे उपास लागायच्या आत ज्युलिया लग्न होऊन आंबोलीला आली.

ग्रेगरीबाबा तेव्हा साठी ओलांडलेले होते. किडकिडीत, ताठ, पांढऱ्या मिशा दोन्ही बाजूंनी सारख्या कातरलेल्या. जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. पहिल्या महायुद्धात सरकारनं त्यांना बसऱ्याला इंजिनं दुरुस्त करायला नेलं. तिथं पायावर लोखंडी तुळई पडली आणि ते इस्पितळात जाऊन पडले. शेजारच्या खाटेवर एक स्कॉटिश सार्जंट होता, त्याचाही पाय मोडलेला. त्याला ग्रेगरीची भाषा येत नव्हती, ग्रेगरीला त्याची इंग्रजी कळत नव्हती. सार्जंटानं मग पट काढला. पाय सांधेपर्यंत त्यानं ग्रेगरीला खेळ शिकवला, पण सुरुवात मात्र एकच शिकवली, कारण त्याला स्वतःला तेवढीच आवडत होती. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्यानंही तसंच केलं की राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे, थेट त्याच्या तोंडात. घे, खा. त्यानं ते खाल्लं की आपल्या मोहऱ्यांना वाट मोकळी, आणि मग त्याच्या राजावर तुटून पडायचं.

ग्रेगरी बसऱ्याहून परतले ते एवढी एक गोष्ट घेऊन. बायकोला, मार्सेलिनाला, वाटलं होतं निदान एखादा गालिचा तरी आणतील.

गावात कुणी असलं विलायती बुद्धिबळ खेळत नव्हतं. देशी खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. अंधेरीच्या पोस्टात श्यामसुंदर नावाचे एक कारकून होते, पट्टीचे देशी खेळाडू. ग्रेगरी त्यांच्याकडे गेले, बसले, आणि पहिलंच प्यादं दोन घरं सरकवलं.

"एक घर मागे घ्या," श्यामसुंदर म्हणाले.

"आमच्यात दोन चालतं."

"तुमच्यात म्हणजे कुणात? ख्रिस्ती लोकांत?"

"बसऱ्यात!"

त्यावरून असं वाजलं की दोघंही वर्षभर एकमेकांना बघून रस्ता बदलत होते. शेवटी श्यामसुंदरांनाच राहवेना. एक डाव तुझा, एक डाव माझा, असं ठरलं, आणि मग पुढे सगळं आयुष्य ते दोघं दर रविवारी समोरासमोर बसले. खेळ ग्रेगरीनं वर्कशॉपाच्या लेथवर स्वतः बनवलेला. एक बाजू पितळेची, ती पांढरी. दुसरी लोखंडाची, ती काळी. मोहरे असे जड की हत्ती पायावर पडला तर माणूस लंगडावा.

पण ज्युलिया त्या घरात आली तेव्हा पट कपाटावर पडून होता. श्यामसुंदरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घोडा कुठला आणि उंट कुठला हे त्यांना चाचपून बघावं लागे, आणि चाचपताना चार मोहरे आडवे होत. त्यांनी एक दिवस हात जोडले. "ग्रेगरी, आता नको रे. मला राग येतो, तुला दया येते. दोन्ही वाईट."

रोनाल्ड खेळत नसे. लहानपणी बापानं त्याला पटावर बसवला होता, आणि एकदाही जिंकू दिलं नव्हतं. एका डावात तर नवव्या की दहाव्या चालीत मात झाली तेव्हा तो भोकाड पसरून आईकडे गेला आणि पुन्हा बसला नाही. मार्सेलिना तर पटाला सवत म्हणत असे. एकदा पापड वाळत घालताना तिनं कापडाच्या चार कोपऱ्यांवर चार लोखंडी प्यादी ठेवली होती. "एवढं तरी कामाला येऊ दे," म्हणाली.

मे महिना आला. वर्षाचा मसाला करायचा, म्हणून अंगणभर चटयांवर मिरच्या पसरलेल्या. कावळे, कोंबड्या आणि शेजाऱ्याची शेळी यांच्यापासून त्या राखायला नवी सून ओट्यावर काठी घेऊन बसली. ग्रेगरीबाबा आतून आले, तिच्याकडे बघितलं, परत आत गेले आणि पट घेऊन बाहेर आले.

"येतं?"

"नाय बाबा."

"बस. शेळीवर लक्ष ठेव आणि हिकडे पण ठेव."

पितळी बाजू त्यांनी आपल्याकडे घेतली. ती नेहमी त्यांचीच असायची, कारण पांढऱ्याची पहिली चाल, आणि त्यांचं गंबीट पांढऱ्यालाच खेळता येतं. ज्युलियाकडे लोखंड आलं. मोहरे कसे चालतात हे समजावून झाल्यावर त्यांनी दोन चालींतच आपलं प्यादं तिच्या प्याद्याच्या तोंडी दिलं आणि हाताची घडी घालून बसले.

"हे मी मारू?" ज्युलियानं विचारलं.

"मारायलाच पायजे. दिलेलं घ्यायचं. जो घेत नाय तो भित्रा."

तिनं मारलं. त्यांनी घोडा बाहेर काढला. तिनं त्यांच्या सांगण्यावरूनच दुसरं प्यादं पुढे ढकललं, मग आणखी पुढे, थेट त्या घोड्याच्या अंगावर. आता म्हातारा घोडा उचलून पळवणार, असं तिला वाटलं. त्यांनी घोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. राजा उचलला, हत्तीच्या आड किल्ल्यात नेऊन बसवला आणि मिशीवरून हात फिरवला.

"बाबा, तुमचा घोडा!"

"बघितला मी. घे."

तिनं घेतला. त्यानंतर काय झालं ते तिला नीट कळलंच नाही. वजीर आला, उंट आला, हत्ती उघड्या पडलेल्या पट्टीतून थेट खाली उतरला, आणि तिचा राजा आपल्याच माणसांच्या गर्दीत गुदमरून मेला. मान वर केली तेव्हा शेळी मिरच्यांत उभी होती.

मार्सेलिनानं त्या दिवशी दोघांनाही धरलं. सुनेला थोडं, नवऱ्याला पुष्कळ.

तरी दुसऱ्या दिवशी पट पुन्हा ओट्यावर आला. मसाला कुटून बाटल्यांत भरला गेला, पाऊस आला आणि गेला, आणि ज्युलिया रोज दुपारी लोखंडी बाजूला बसून हरत राहिली. सुरुवातीला ती सासऱ्याचं मन राखायला बसायची. मग कधीतरी तिला त्याचा राग येऊ लागला. बोंबील साफ करताना, विहिरीवर पाणी ओढताना तिच्या डोळ्यांसमोर पट असायचा. कुठून मार बसला? उंटाकडून. मग उंटाची वाट आधीच अडवली असती तर? दुसऱ्या दिवशी ती उंटाची वाट अडवायची आणि मार हत्तीकडून बसायचा. त्या हल्ल्याचा एकेक फटका तिनं अंगावर घेतला होता. कुठला आधी दुखतो, कुठला नंतर, हे तिला आपल्या घरातल्या उंबरठ्यांसारखं पाठ झालं.

"एकदा तरी जिंकू द्या की तिला," मार्सेलिना आतून ओरडायची. "पोटच्या पोराला दिलं नाय, परक्याच्या पोरीला तरी द्या!"

"मी दिलेलं जिंकणं ती घेईल का?" ग्रेगरीबाबा विचारायचे. मग ज्युलियाकडे बघायचे. "घेशील?"

"नाय," ज्युलिया म्हणायची, आणि मोहरे पुन्हा मांडायची.

नाताळच्या आधी, घरात फुग्यांचं, त्या तळायच्या गोल पावांचं, पीठ भिजत ठेवलेलं, त्या दुपारी ती गोष्ट झाली. नेहमीप्रमाणे तिनं प्यादं खाल्लं होतं, घोडा खाल्ला होता, आणि नेहमीप्रमाणे बाबांची सगळी फौज तिच्या राजावर चालून आली होती. ज्युलियानं बराच वेळ विचार केला. मग तिनं आपला घोडा उचलला आणि सरळ त्यांच्या उंटाच्या तोंडात ठेवला.

"हे काय?" बाबा म्हणाले. "फुकट?"

"घ्या ना. दिलेलं घ्यायचं."

त्यांनी घेतला. तेवढ्या एका चालीची तिला सवड मिळाली. वजिरासमोर वजीर आणून भिडवला, दोन्ही वजीर पटावरून गेले, आणि हल्ल्यातली हवाच निघून गेली. सुरुवातीला खाल्लेल्या प्याद्यामुळे तिच्याकडे एक प्यादं मात्र जास्त उरलं. ते तिनं शेवटपर्यंत जपलं, एकेक घर पुढे नेलं आणि त्याचा वजीर केला.

ग्रेगरीबाबा पटाकडे बघत बसले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. घ्यायचं असं तुमी सांगितलंत. घेतलेलं ठेवलंच पायजे असं कुठं सांगितलंत?"

त्या संध्याकाळी ते अंधेरीला श्यामसुंदरांकडे चालत गेले आणि अख्खा डाव त्यांना तोंडी सांगून आले.

छप्पन्न सालच्या थंडीत अंधेरीच्या एका वाचनालयानं बुद्धिबळाचे सामने ठेवले, विलायती नियमांचे. हरला तो बाहेर, अशा पद्धतीचे. कार्यवाह श्यामसुंदर होते. ग्रेगरीबाबा आपलं नाव द्यायला गेले, आणि सुनेचंही देऊन टाकलं.

"बायका खेळत नाहीत रे सामन्यांत," श्यामसुंदर अवघडून म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"श्याम, विलायतेत वजिराला काय बोलतात, ठाऊक हाय? राणी. बाई! अख्ख्या पटावर सगळ्यात दांडगी ती. ती मधोमध फिरते ते चालतं, आणि माजी सून खुर्चीवर बसलेली चालत नाय?"

श्यामसुंदरांनी जाड भिंगातून त्यांच्याकडे बघितलं. "ती खरंच चांगली खेळते?"

"मला हरवते."

"मग घ्यायलाच पाहिजे," श्यामसुंदर म्हणाले. "तेवढाच मला आनंद."

घरी हे कळल्यावर ज्युलियाच्या हातातली वाटी पडली. रोनाल्ड म्हणाला, "तुला नको असलं तर मी जाऊन नाव काढून येतो." मार्सेलिना म्हणाली, "नाव कशाला काढायचं? साडी इस्त्रीला टाका."

पहिल्याच फेरीत चिठ्ठी टाकली आणि ज्युलियाला पांढरी बाजू आली. ती टेबलाशी बसली आणि तिला घामच फुटला. आजवर ती एकदाही पांढरी घेऊन खेळली नव्हती. काळ्या बाजूनं बसलं की वजीर राजाच्या उजव्या हाताला असतो. इथं तो डाव्या हाताला होता. माहेरच्या घरात शिरावं आणि चूल भलत्याच भिंतीला दिसावी, तसं तिला झालं. समोर पार्ल्याचा एक कॉलेजातला मुलगा होता. तो अदबीनं म्हणाला, "आपली चाल." पहिली चाल तिची! तिला तर नेहमी दुसऱ्याच्या चालीला उत्तर द्यायची सवय.

मग तिला सुचलं. बाबा काय करतात? राजासमोरचं प्यादं दोन घरं. तिनं केलं. त्यानं तेच केलं. उंटापुढचं प्यादं दोन घरं. मुलानं भुवया उंचावल्या आणि ते खाल्लं. आणि पुढे तिला काहीच आठवावं लागलं नाही. जे जे फटके तिनं वर्षभर ओट्यावर सोसले होते, ते एकामागून एक तिच्या हातून निघत गेले. कुठला कधी मारायचा ते तिला बरोबर ठाऊक होतं, कारण कुठला कधी लागतो ते ठाऊक होतं. चहा येण्याच्या आत डाव संपला.

दुसऱ्या टेबलावर ग्रेगरीबाबाही जिंकले. आणि पुढच्या फेरीची चिठ्ठी निघाली ती सासरा विरुद्ध सून, पांढरी सुनेची.

रविवारी सकाळी चर्चमधून दोघं परस्पर वाचनालयात गेली. सगळे या टेबलाभोवती जमले. ज्युलियानं राजासमोरचं प्यादं दोन घरं नेलं. बाबांनी तेच केलं. आता तिनं दुसरं प्यादं उचललं आणि त्यांच्या प्याद्याच्या तोंडी ठेवलं.

ग्रेगरीबाबांनी त्या प्याद्याकडे असं काही बघितलं, जणू कुणी त्यांचाच कोट घालून त्यांच्याच दारात उभं राहिलं होतं. बसऱ्याहून परतल्यापासून आजतागायत त्यांनी हे प्यादं दुसऱ्याला दिलं होतं. इथं त्यांना ते कुणी कधीच दिलं नव्हतं.

"घ्या बाबा," ज्युलिया हळूच म्हणाली.

त्यांनी घेतलं. न घेऊन करतात काय? घोडा बाहेर आला. त्यांनी प्यादं ढकललं, मग आणखी ढकललं. ज्युलियानं घोडा तसाच मरायला ठेवला आणि राजा किल्ल्यात नेला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाई घोडा विसरली!" श्यामसुंदर पटावर नाक टेकेल इतके वाकले होते. ते खुदकन हसले.

बाबांनी घोडा खाल्ला. आणि मग जे त्यांनी आजवर दुसऱ्यांचं केलं होतं, ते त्यांचं होऊ लागलं. हल्ला कसा करायचा हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तो थोपवायचा कसा, याचा विचार त्यांनी जन्मात केला नव्हता. ज्युलियानं आणखी एक प्यादं दिलं. मग उंटही दिला, शह देऊन, आणि त्यांचा राजा ओढून बाहेर मैदानात आणला.

तेवढ्यात तिला दिसलं, अजून एक वाट होती. बाबांनी आता आपला वजीर देऊन टाकला असता, नुसता तिच्या वजिरासमोर आणून ठेवला असता, तर ते सुटले असते. तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती, आणि चष्म्यामागचे डोळे पटावर भलतीकडेच फिरत होते. त्यांना ती वाट दिसत नव्हती. आपण एक चाल सैल सोडावी का? नुसती एक? कुणाला कळणारही नाही.

पण त्यांना कळलं असतं. आणि दिलेला डाव त्यांनी घेतला नसता.

बाबांनी राजा एक घर सरकवला. ज्युलियानं हत्ती उचलला आणि जिथं ठेवायचा तिथं ठेवला.

ग्रेगरीबाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, राजा आडवा केला, उठले, आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. त्यांची टोपी खुंटीला तशीच राहिली. ती ज्युलिया घेऊन आली.

घरी आल्यावर ते तिच्याशी बोलेनात. जेवायला बसले तर ताटात बघून जेवायचे. तिनं चहा ठेवला तर ती गेल्यावर प्यायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेत आवाज सगळ्यांचा एकत्र, पण तिच्या बाजूला पाठ. ज्युलिया रडकुंडीला आली. तिला त्याहून वेगळीच एक शंका खात होती.

"ते मुद्दाम तर हरले नसतील?" तिनं रोनाल्डला विचारलं. "मी सून म्हणून? एवढी सोपी वाट त्यांना दिसली कशी नाय?"

रोनाल्ड आधी बघतच राहिला, मग पलंगावर पडून हसला. "बाबा? मुद्दाम? अगं, मुद्दाम हरलेला माणूस गालातल्या गालात हसत फिरतो. यांचं तोंड बघितलंस का? वाट लागलीय त्यांची. तू खरंच हरवलंस त्यांना!"

त्या आठवड्यात मार्सेलिनाच्या हातून पापलेटाचा मधला तुकडा रोज सुनेच्या ताटात पडत होता.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी ज्युलिया तयार होऊन बाहेर आली, तर ग्रेगरीबाबा टोपी घालून फाटकाशी उभे. एकत्र नाही, पण दहा पावलं मागून ते चालत आले आणि वाचनालयात सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले.

समोर घाटकोपरचे जयंतीभाई होते. गोरे, गोल, शांत गृहस्थ. बसायला घरून उशी आणलेली. पांढरी पुन्हा ज्युलियाकडे आली. तिनं राजासमोरचं प्यादं नेलं, त्यांनीही नेलं. तिनं उंटापुढचं प्यादं त्यांच्या तोंडी दिलं.

जयंतीभाईंनी त्याच्याकडे बघितलं. पोट भरलेल्या माणसानं ताटातल्या लाडवाकडे बघावं तसं बघितलं. आणि त्याला हात न लावता आपला उंट बाहेर काढला, असा तिरका नेमून बसवला की ज्युलियाच्या राजाची किल्ल्यात शिरायची वाटच बंद झाली.

ज्युलिया थिजली. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ओट्यावरच्या शेकडो डावांत ते प्यादं दर वेळी खाल्लं गेलं होतं. न खाल्लं तर पुढे काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "घेतलं नाय!"

सगळ्यांनी वळून बघितलं. ग्रेगरीबाबा उभे होते. "घेतलं नाय प्यादं! दिलेलं घेत नाय! भित्रा! माज्या सुनेला घाबरला!"

"ग्रेगरी, खाली बस," श्यामसुंदर म्हणाले.

"बसतो कसला! हे काय खेळणं झालं? घ्या ना ते! घ्या!"

"ग्रेगरी, बाहेर हो बघू!"

शेवटी दोघांनी धरून त्यांना बाहेर नेलं. पण ते गेले नाहीत. खिडकीचे गज धरून बाहेर उभे राहिले, आणि ज्युलियाच्या प्रत्येक चालीला त्यांच्या मिशा वर-खाली होत होत्या. आठवड्याभरात पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते. तिनं पदर खोचला. डाव लांबला. जयंतीभाई मुंगीसारखे खेळत होते, एक दाणा उचलायचा, नेऊन ठेवायचा, परत यायचं. ज्युलियानं दोनदा चढाई केली, दोनदा ती थोपली. सगळे मोहरे जाता जाता शेवटी जयंतीभाईंचं एकच प्यादं जास्त उरलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

तिनं राजा आडवा केला. जयंतीभाईंनी उठून हात जोडले. "बेन, खरं सांगतो. पार्ल्याच्या मुलाचा डाव मी बघितला होता, तुमच्या सासऱ्याचा पण बघितला. घरी जाऊन बायकोला म्हटलं, ते प्यादं घेतलं तर मी मेलो. आठ दिवस मला झोप नाही."

हे खिडकीतून ऐकल्यावर ग्रेगरीबाबांचा चेहरा बराच निवळला.

परतताना आंबोलीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं होती. या खेपेला ते तिच्या बरोबरीनं चालत होते. दुसऱ्या बक्षिसाची पितळी फुलदाणी त्यांनी स्वतःच्या काखेत धरली होती. गावचं तळं आलं.

"तो उंट तिथं आला," ते एकदम म्हणाले, "मग काय करायचं?"

"मला काय ठाऊक बाबा. तुमीच सांगा."

"मला पण नाय ठाऊक." ते थोडं चालले. "त्या सार्जंटानं शिकवलंच नाय. आणि मी तुला भित्रा-भित्रा सांगत बसलो, न घेणाऱ्याशी कसं लढायचं ते सांगितलंच नाय. तू हरलीस ती माज्यामुळे."

"आणि तुमी हरलात ते?"

ग्रेगरीबाबा थांबले. ज्युलियाला वाटलं, आता परत आठवडाभर अबोला. पण त्यांच्या मिशा हलल्या.

"तो वजीर," ते म्हणाले. "तो वजीर देऊन टाकला असता, तर सुटलो असतो ना?"

"सुटला असतात."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि तू बोलली नायस."

"नाय."

"बरोबर केलंस," असं म्हणून त्यांनी फुलदाणी दुसऱ्या काखेत घेतली.

ती फुलदाणी मार्सेलिनानं घरातल्या आल्तारावर सायबिणीच्या, देवमातेच्या, मूर्तीपुढे ठेवली आणि तिच्यात जास्वंद घातली. दुसऱ्या दुपारी पट ओट्यावर आला. ग्रेगरीबाबांनी पितळी बाजू सुनेकडे फिरवली आणि लोखंडी आपल्याकडे घेतली. "आता मी घेणार नाय. मी उंट काढणार. बघूया तू काय करतेस."

ज्युलियानं प्यादं पुढे केलं. बाबांनी दात आवळून त्याच्याकडे बघितलं. हात उंटाकडे गेला. तिथून परत आला. पुन्हा गेला.

"नाय जमत गो!" ते ओरडले, आणि प्यादं खाऊन टाकलं.